चहातलं मीठ

पहिला घोट घेतला आणि उज्ज्वलाताईंनी कप परत बशीत ठेवला. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

माझ्या लक्षात आलं.

"तू केलास?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"नाही. आईंनी."

धनंजयने, माझ्या नवऱ्याने, स्वतःचा कप उचलून ओठाला लावला आणि डोळे मिटून घेतले. उज्ज्वलाताई त्याची थोरली बहीण. आईला बघायला म्हणून रविवारी सकाळीच पुण्याहून आमच्याकडे सोलापूरला आल्या होत्या. फोनवर आम्ही जे सांगत होतो ते त्यांना पटत नव्हतं. "तुमचं काहीतरीच. आईची स्मरणशक्ती तुमच्या दोघांपेक्षा चांगली आहे," असं म्हणायच्या. आता त्यांच्यासमोर पुरावाच ठेवलेला होता, कपबशीत.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आपला कप घेऊन आल्या आणि लेकीशेजारी कोचावर बसल्या. आईंनी एक घोट घेतला. क्षणभर त्यांचा हात थबकल्यासारखा वाटला मला. मग दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"उज्ज्वला, चहा घे की. गार व्हायलाय," त्या म्हणाल्या.

उज्ज्वलाताईंनी मान खाली घालून तो कप संपवला. आईंनी त्यांचा संपवला. धनंजयने खिडकीशी जाऊन बाहेर बघत बघत संपवला. मी चहा घेत नाही, त्यामुळे माझी तेवढी सुटका झाली होती.

आई कपबशा घेऊन आत गेल्या तशा ताईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"खारट होता रे, धनू. आणि तिला कळलंसुद्धा नाही."

शकुमावशी म्हणजे आईंची थोरली बहीण. तिचं दुखणं आमच्या घरात सगळ्यांनी जवळून पाहिलं होतं. तिचंही असंच सुरू झालं होतं. आधी चहात मीठ, मग पोळीच्या कणकेत साखर, मग गॅस चालू ठेवून देवळात जाणं. शेवटी शेवटी तर ती आईंनाच विचारायची, "बाई, तुम्ही कुणाच्या?" आई तिचे केस विंचरता विंचरता सांगायच्या, "मी सिंधू. तुझी सिंधू." दर वेळी नव्याने सांगायच्या. मावशी गेली त्या दिवशी आई मला म्हणाल्या होत्या, "मरणाचं काय नाही गं रेवती. पण असं माणूस असून नसणं नको."

महिन्याभरापूर्वी पहिल्यांदा चहा खारट लागला तेव्हा आम्ही हसण्यावारी नेला. पण मावशीचं आठवून दुसऱ्यांदा हसलो नाही. मग शुक्रवारी नैवेद्याची खीर खारट झाली. आईंनी ती चाखून पाहिली, मुकाट्याने भांडं उचललं आणि खीर गायीला घालून आल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "दूध खराब होतं वाटतं." दूध खराब नव्हतं. त्याच दुधाचं दही मी लावलं होतं.

सगळ्यात वाईट म्हणजे मी केलेला चहा कधीच खारट होत नसे. रविवारी सकाळी धनंजयला मीच चहा करून द्यायची. त्याच गॅसवर, त्याच साखरेचा, त्याच पातेल्यात. तो नेहमीसारखा व्हायचा. खारट व्हायचा तो फक्त आईंच्या हातचा, दुपारचा. मग संशयाला जागा तरी कुठे उरली?

आईंविषयी असं काही मनात आणणंच अवघड होतं. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली होती. कानाला हेडफोन, समोर भोकांचा बोर्ड आणि हातात दोऱ्या. गावातले निम्मे नंबर तोंडपाठ. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी बाजारात कुणी जुना व्यापारी भेटला की त्या नाव नाही, नंबरच आधी सांगायच्या. घरात भांडी धुवायचं मशीन आलं तेव्हाही ते सगळ्यात आधी त्यांनीच आपलंसं केलं. त्यांचं मनगट मोडलं होतं आणि भांडी घासायला येणाऱ्या बाई गावी निघून गेल्या होत्या, म्हणून धनंजयने ते घेतलं होतं. ताटं, वाट्या, पातेली कुठल्या खाचेत कशी बसवायची याची शिस्त आईंनी लावून टाकली. "आमच्या बोर्डासारखंच आहे की हे. ज्याची त्याची जागा," असं म्हणायच्या. जेवणं झाली की दुपारी मशीन लावायचं आणि चारच्या सुमाराला त्यातलीच पातेली, कप काढून चहा टाकायचा, हा त्यांचा नेम. प्यायच्या पाण्याचे तांबे-पेले तेवढे त्या मशीनला देत नसत. ते हाताने, चिंचेने.

तर त्या रविवारी संध्याकाळी आम्ही तिघांनी गच्चीवर जाऊन ठरवलं. ठरवलं कसलं, ताई बोलल्या आणि आम्ही मान डोलावली. मेंदूच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ घ्यायची. तोवर आईला गॅसजवळ एकटं जाऊ द्यायचं नाही. दिवसा सोबतीला एखादी बाई शोधायची. आणि हे सगळं धनंजयने आईला सांगायचं.

धनंजय एका टॉवेलच्या कारखान्यात मॅनेजर होता. शेदीडशे माणसं सांभाळणारा माणूस, पण आईसमोर उभं राहून त्याला चार वाक्यं धड बोलता येईनात.

"आई, थोडे दिवस स्वयंपाकघरात रेवतीला बघू दे. तू आराम कर. आणि गुरुवारी जरा डॉक्टरांना दाखवून येऊ."

"कशासाठी?" आईंनी विचारलं.

"असंच. वयाप्रमाणे तपासणी."

आईंनी त्याच्याकडे बघितलं, मग ताईंकडे, मग माझ्याकडे. आता भांडतील, चिडतील, काहीतरी म्हणतील म्हणून मी वाटच बघत होते. त्यांनी नुसती कमरेला खोचलेली चाव्यांची जुडी चाचपली.

"बरं," म्हणाल्या, आणि आपल्या खोलीत निघून गेल्या.

त्या 'बरं'ने मला जास्त भीती वाटली. माझ्या लग्नापासून त्या ओट्यावरचा हक्क त्यांनी कधी कुणाला दिला नव्हता. एवढ्या सहज सोडून देतात म्हणजे काय? ताई रात्रीच्या गाडीने पुण्याला परत गेल्या. स्टेशनवर म्हणाल्या, "गुरुवारी डॉक्टर काय म्हणतात ते लगेच कळव गं. माझा जीव तिथं अडकलेला असेल."

सोमवार, मंगळवार आई खोलीबाहेर फारशा आल्याच नाहीत. जेवायला यायच्या, ताट वाढलं की जेवायच्या, परत जायच्या. मी सकाळच्या शाळेत शिकवायची. जाताना गॅसच्या सिलिंडरचा कॉक बंद करून जायची आणि तो बंद करताना मला फार ओशाळल्यासारखं व्हायचं.

बुधवारी शाळा सुटून घरी आले. लॅचची किल्ली फिरवून दार उघडलं तर घरात चहाचा वास. चपला तशाच पायात ठेवून स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर चहाचं पातेलं, गाळण्यात गाळ, शेजारी भरलेला कप. एखादा घोट घेऊन ठेवून दिल्यासारखा. चहावर साय धरली होती. गॅस बंद होता, सिलिंडरचा कॉकही नीट बंद होता.

"आई?"

मी हाक मारत सगळीकडे नजर फिरवली.

मिठाची बरणी जागेवर नव्हती. ती नेमकी नाही हे मला का दिसलं कोण जाणे, पण आधी तेच दिसलं. हळद होती, तिखट होतं, साखरेचा डबा होता. बरणीच्या जागी ओट्यावर नुसता गोल डाग.

आई त्यांच्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या. समोर कपड्यांचं कपाट उघडं. चाव्यांची जुडी दाराच्या कुलपाला लटकत होती. आणि आत, नीट घड्या घातलेल्या लुगड्यांच्या कप्प्यात, त्यांच्या इरकलीवर मिठाची बरणी ठेवलेली.

शकुमावशी शेवटच्या दिवसांत दुधाची पिशवी उशीखाली ठेवायची. मला तेच आठवलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले.

आईंनी वर बघितलं. डोळे कोरडे होते, पण चेहरा पार उतरलेला.

"रेवती, उद्या कशाला? मला आजच घेऊन चल डॉक्टरकडं."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. शाळेतल्या लहान पोरांशी बोलते त्या आवाजात विचारलं, "आई, ही बरणी इथे कशी आली? तुम्ही ठेवलीत का?"

"मग काय चालत आली? मीच ठेवली की." त्या चिडल्याच. "अशी काय बोलायलीस माझ्याशी?"

"पण का?"

"चहात पडू नये म्हणून!"

मला कळलं नाही. ते त्यांना दिसलं असणार. त्या जरा सावरून बसल्या आणि मग एकेक शब्द सांगायला लागल्या.

"पहिल्यांदा चहा खारट झाला तेव्हाच मला कळलं होतं. तुम्हाला काय वाटलं, मला चव कळत नाही? दुसऱ्यांदा झाला तेव्हा मी म्हटलं, आपला हात चुकायलाय. शकूसारखा. मग मी काय केलं, चहा टाकायच्या आधी बरणी ओट्यावरून उचलायची, इथं आणून कपाटात ठेवायची, कुलूप लावायचं, चावी कमरेला. चहा झाला की परत नेऊन ठेवायची. ओट्यावर मीठच नाही तर चुकून पडेल कुठून? रविवारी उज्ज्वला आली तेव्हासुद्धा बरणी इथंच होती."

"आणि चहा खारट झाला," मी म्हणाले.

"झाला. मी पहिल्या घोटालाच ओळखलं. पण ती बिचारी एवढ्या लांबून आलेली. मी काही बोलले असते तर तिथंच रडायला लागली असती. म्हटलं, पिऊन टाकू." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "आज तू गेल्यावर पुन्हा करून बघितला. बरणी आत, कपाटाला कुलूप. साखर हातावर घेऊन चाखली, मग टाकली. तरी खारट. म्हणजे मी कपाट उघडते, मीठ काढते, टाकते, परत ठेवते, कुलूप लावते आणि मला त्यातलं काहीच आठवत नाही. एवढं सगळं पुसलं जात असेल तर आता काय राहिलं गं?"

त्या रडत नव्हत्या. ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

मी त्यांचा हात धरून बसले. डोक्यात मात्र एक गोष्ट अडकली होती. मी गणित शिकवते. समोरच्या माणसाने पायऱ्या बरोबर लिहिल्या आणि उत्तर भलतंच आलं, की मला गप्प बसवत नाही. आणि आईंनी आत्ता सांगितलं ते कुणा विसरभोळ्या बाईचं बोलणं नव्हतं. त्यांना संशय आला होता, त्यांनी उपाय केला होता, तो तपासूनही बघितला होता.

"आई, चला बरं स्वयंपाकघरात."

"कशाला?"

"चला तर."

मी त्यांना हाताला धरून नेलं. कपातला गार चहा चाखला. खारट. जिभेला झोंबण्याइतका नाही, पण खारटच. मग साखरेच्या डब्यात बोट घातलं. गोड. फ्रीजमधलं दूध चमचाभर घेतलं. चांगलं होतं. माठातलं पाणी प्यायले. चहाची पूड तोंडात टाकली.

"वेडी झालीस का? कोरडी पूड खायलीस?" आई म्हणाल्या.

"हे सगळं बरोबर आहे आई. यातलं काहीच खारट नाही."

"तेच तर. राहिले मी."

"थांबा."

मशीनचं दार अर्धवट उघडं होतं. आईंनी चहासाठी पातेलं आणि कप त्यातूनच काढला असणार. मी वरच्या जाळीतला एक कप घेतला. आत पांढुरका थर होता, पण आमच्याकडे बोअरचं पाणी. सगळ्याच भांड्यांवर तो असायचा, त्याकडे कुणी बघतही नसे. मी कपात माठातलं थोडं पाणी घातलं, गोल फिरवलं आणि तोंडाला लावलं.

पाणी खारट होतं.

मी तसाच कप आईंसमोर धरला. त्यांनी माझ्याकडे संशयाने बघत घोट घेतला. गिळला. परत घेतला.

"कपच खारट आहे," त्या म्हणाल्या.

"कपच खारट आहे!"

"पण कपाला मीठ कुठून लागणार? तो तर धुतलेला."

"आई, मशीनमध्ये मीठ असतं."

"कुठल्या मशीनमध्ये?"

"ह्याच!"

त्यांनी कमरेवर हात ठेवले. "भांडी धुवायच्या मशीनला मीठ? काहीतरी बोलू नको."

मी त्यांना सांगितलं. जड पाण्यातला क्षार काढून टाकायला आत एक भाग असतो, त्याला अधूनमधून मीठ द्यावं लागतं. तळाशी त्याचा वेगळा कप्पा असतो, झाकण घट्ट लावलेलं. ते मीठ भांड्यांपर्यंत यायचं काही कारण नाही, म्हणून आमच्या कुणाच्या मनातही आलं नव्हतं. मीठ भरायचं काम धनंजयचं. गेल्या महिन्यात एका रविवारी त्याने ते भरलं होतं, आई तेव्हा बाजारात गेल्या होत्या. म्हणूनच त्यांना पत्ता नव्हता.

"आणि तुझा चहा बरा होत होता तो?"

ते मी सांगायच्या आधीच मला उमगलं. मला सवय आहे, कुठलंही भांडं घेतलं की आधी पाण्याने विसळायचं. माझी आई तसंच करायची. आई मात्र मशीनमधून निघालेलं भांडं स्वच्छच समजायच्या आणि थेट वापरायच्या. जेवणात तर मीठ असतंच, तिथे कुणाला कळणार?

आईंनी पदर खोचला. "काढ ते. बघू आत काय आहे."

तिथून पुढचे दोनतीन तास आम्ही दोघी त्या मशीनसमोर जमिनीवर बसून होतो. जेवायचंही सुचलं नाही. खालची जाळी मी ओढून बाहेर काढली तसा आतून कुबट वास आला. तळाला खोलगट जागेत एक गोल गाळणी होती, फिरवून काढायची. ती काढली आणि दोघींनी तोंडं फिरवली. भाताची शितं, मोहरी, कढीपत्त्याची काळी पडलेली पानं, तुपाचा घट्ट लगदा. मशीन आल्यापासून ती बाहेर निघालीच नव्हती. दुसऱ्यांची भांडी धुणाऱ्याला स्वतःलाही धुवावं लागतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

"शी! या घाणीतलं पाणी फिरत होतं होय आपल्या ताटांवर?" आई म्हणाल्या आणि गाळणी माझ्या हातातून काढून घेऊन सिंकमध्ये गरम पाण्यात बुडवली. "जुना टूथब्रश दे."

त्या गाळणी घासत असताना मी मिठाच्या कप्प्याचं झाकण बघितलं. वरून घट्ट लावलेलं दिसत होतं. फिरवायला गेले तर फिरेना, पण बोट घालून जरा उचकटलं तसं एका बाजूने वर आलं. तिरकं बसलेलं होतं. आट्यांमध्ये काहीतरी अडकलं होतं. मी केसातली पिन घालून ते उकरून काढलं आणि तळहातावर घेतलं.

लवंग होती. मसालेभातातली असावी. झाकण लावताना आट्यांत सापडली, झाकण तिरकं बसलं आणि अधूनमधून थोडं खारं पाणी भांड्यांवर जात राहिलं.

मी आईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ती लवंग उलटसुलट करून पाहिली.

"एवढीशी?" त्या म्हणाल्या. "एवढ्याशा लवंगेनं मला शकू करून टाकलं होतं."

आणि मग त्या बोलायला लागल्या. हाताने घासत होत्या आणि तोंडाने बोलत होत्या. माझ्याकडे बघत नव्हत्या, त्यामुळे त्यांना ते सोपं जात असावं. म्हणाल्या, महिनाभर रात्री झोप नाही. अंधारात पडल्या पडल्या एक्स्चेंजमधले नंबर म्हणत बसायच्या. सिव्हिल हॉस्पिटलचा, फायर ब्रिगेडचा, चाटी गल्लीतल्या दुकानांचे. एखादा अडला की अंगाला घाम फुटायचा. तो आठवेपर्यंत उठून बसायच्या. आठवला की वाटायचं, आज तरी आहे मी. सकाळी पुन्हा भीती.

"आम्हाला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? धनू एवढंसं तोंड करून फिरायलेला मला दिसत नव्हता का? मी काय ठरवलं होतं सांगू? उद्या डॉक्टरनं तेच आहे म्हटलं, की त्याला म्हणणार होते, मला आताच कुठंतरी ठेव. मी शहाणी आहे तोवर. नंतर मला विचारू नको, मला कळणार नाही. शकूचं सगळं मी केलं. तुझ्यावर ती पाळी नको होती यायला."

मला पुढचं दिसेना. मी मशीनच्या आत डोकं घालून पाण्याचे फिरते पंखे काढायच्या खटपटीला लागले. वरच्या पंख्याची निम्मी भोकं क्षाराने बुजली होती. आईंनी शिवणाच्या डब्यातली जाड सुई आणली आणि एकेक भोक उघडून दिलं, मग नळाखाली धरलं. सगळ्या भोकांतून पाण्याच्या बारीक धारा उडाल्या, तेव्हा लहान मुलीसारख्या हसल्या. दाराच्या कडेचं रबर फडक्याने पुसलं, त्याच्या घडीतून काळा चिकटा निघाला. आट्या साफ करून मी झाकण सरळ बसवलं, घट्ट केलं. आईंनी ते स्वतः पुन्हा फिरवून बघितलं. सगळं जागच्या जागी लावलं, कांद्यावर घालायला आणलेलं व्हिनेगर वाटीत ओतून वरच्या जाळीत ठेवलं आणि रिकामंच मशीन गरम पाण्यावर लावलं. ते थांबल्यावर सगळी भांडी पुन्हा घालून परत लावलं.

मशीन चालू असताना आम्ही दोघी तशाच जमिनीवर बसलो होतो, भिंतीला पाठ टेकून. मी म्हणाले, "उद्याची डॉक्टरांची वेळ रद्द करू या."

"कशाला? नंबर लावलाय तर जाऊ की. एकदा त्याच्याही तोंडून ऐकू दे." आणि आम्ही खरंच गेलो. डॉक्टरांनी नाना प्रश्न विचारले, चित्रं काढायला लावली, आणि काही झालेलं नाही म्हणून परत पाठवलं. पुढे आई पुष्कळ वर्षं जगल्या आणि शेवटपर्यंत एकेका माणसाला त्याच्या नावाने हाक मारत होत्या. पण मला विचाराल तर निकाल बुधवारीच लागला होता.

भांडी निघाली. आईंनी पातेलं उचललं. मी सवयीने ते विसळायला हात पुढे केला तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली.

"अजिबात नाही. तसंच घ्यायचं."

त्यांनी चहा टाकला. आलं ठेचून घातलं, साखर घातली, दूध घातलं. मिठाची बरणी मी मुद्दाम आणून शेजारी ठेवली होती. त्या तिच्याकडे बघतही नव्हत्या. दोन कप भरले. एक मला दिला.

"मी चहा घेत नाही, आई."

"आज घे."

मी घोट घेतला. गोड. नुसता गोड, आल्याचा, भाजत होता. मी मान हलवली. आईंनी कप ओठाला लावला, पण किती तरी वेळ प्यायल्याच नाहीत, वाफ नुसती चष्म्यावर बसत राहिली. मग एक घोट घेतला. डोळे मिटले. त्यांचे खांदे हलायला लागले आणि मला आधी वाटलं हसतात. हसतही होत्या. मी त्यांच्या हातातला कप घेऊन खाली ठेवला आणि त्यांना जवळ घेतलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, पण तसं जवळ घ्यायची वेळ कधी आली नव्हती.

कप संपल्यावर त्या म्हणाल्या, "मला झोप यायलीय गं."

"मग झोपा की."

त्या खोलीत गेल्या. पाच मिनिटांनी मी डोकावले तर पलंगावर आडव्या पडून चक्क घोरत होत्या. चष्मा तसाच. मी तो काढून ठेवला, पंखा कमी केला.

धनंजय कामावरून आला तेव्हा दिवे लागले होते. आईच्या खोलीत अंधार बघून तो दारातच थांबला.

"काय झालं? या वेळी झोपली? दिवेलागणीला आई कधी झोपत नाही."

मी त्याला हाताला धरून स्वयंपाकघरात आणलं. मशीनवर ठेवलेली लवंग दाखवली आणि सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मध्ये एकदाच म्हणाला, "म्हणजे ते झाकण मी लावलेलं." मग खाली बसला, तिथेच, ओल्या फरशीवर, ऑफिसच्या पँटमध्ये, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून बसून राहिला. हात काढले तेव्हा चेहरा एकदम तरुण दिसत होता.

तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून उज्ज्वलाताई.

"रेवती, उद्याची वेळ किती वाजताची? मी येऊ का? मला इथे बसवत नाही गं. आई काय करते?"

"झोपल्यात."

"आत्ता? या वेळेला? अगं, बरं नाहीये का तिला?"

"बरं आहे, ताई," मी म्हणाले. "अगदी बरं आहे." मी पुढे काही सांगायच्या आत धनंजयने फोन माझ्या हातातून घेतला आणि नुसताच "ताई, ताई" म्हणत राहिला. तिकडून त्या ओरडून विचारत होत्या, काय झालं, काय झालं. आतल्या खोलीत आई मात्र कुशीवर वळल्या आणि तशाच गाढ झोपून राहिल्या, थेट उजाडेपर्यंत.